वाचकांचे प्रश्न : गाडीतला निरोप खरा कशावरून?

गेल्या अंकात या सदरात मोटारगाडीतील वेगवेगळे भाग एकमेकांशी कसे बोलतात, याची ओळख करून दिली होती. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, दारे, एअरबॅग यांचे स्वतंत्र छोटे संगणक असतात, त्यांना ईसीयू म्हणतात, आणि हे सगळे ईसीयू ‘कॅन’ नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवत असतात, असा त्या मजकुराचा गाभा होता. शेवटी ‘या संदेशांवर कोणाचीही सही नसते’ असे एक वाक्य होते. आलेली बहुतेक पत्रे त्या एका वाक्याबद्दल आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : गाडीच्या तारा गाडीच्या आत असतात. बाहेरचा माणूस तिथवर पोहोचणार कसा? घरातल्या घरात बोलताना प्रत्येकाने ओळखपत्र दाखवायचे, असाच हा प्रकार वाटतो. — एक निवृत्त विद्युत अभियंता

तुम्ही जे म्हणता, तीच कॅन घडवणाऱ्यांची मूळ धारणा होती आणि त्या काळात ती चुकीची नव्हती. बॉश कंपनीत १९८३ मध्ये या कामाला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत ते जाहीर झाले. त्या वेळचा प्रश्न वेगळा होता. गाडीत तारांचा भारा वाढत चालला होता, इंजिनाजवळ विजेचा गोंगाट प्रचंड असतो, आणि तरीही ब्रेकचा निरोप वेळेत आणि न बिघडता पोहोचायला हवा होता. हे काम कॅनने इतके चोख केले, की आजही ते बदलावेसे फारसे कोणाला वाटत नाही. मात्र त्यात संदेशाबरोबर पाठवणाऱ्याचे नाव जात नाही. जातो तो फक्त एक क्रमांक, आणि तो संदेश कशाबद्दल आहे आणि त्याचा अग्रक्रम किती, एवढेच सांगतो. तारेला जोडलेला कोणताही ईसीयू कोणत्याही क्रमांकाने बोलू शकतो आणि ऐकणारे सगळे त्यावर विश्वास ठेवतात.

पुढे त्याच घराला दारे वाढत गेली. निदानासाठी डॅशबोर्डखाली सॉकेट आले, मग ब्लूटूथ आले, मग सिमकार्ड. २०१० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी त्या सॉकेटमधून संदेश घालून चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करून दाखवले. ‘सॉकेटपाशी हात पोहोचला तरच ना’ असा आक्षेप आला, तेव्हा २०११ मध्ये त्यांनीच ब्लूटूथ आणि मोबाइल जाळ्यातूनही आत शिरता येते हे सिद्ध केले. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीच्या करमणूक यंत्रणेत मोबाइल जाळ्यावरून प्रवेश मिळवला, तिथून कॅनवर संदेश सोडले, आणि फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मला सर्वांत बोलके वाटते ते २०२३ मध्ये इयन टेबर आणि केन टिंडेल यांनी उघड केलेले चोरीचे तंत्र. टेबर यांची टोयोटा रॅव्ह-फोर चोरीला गेली होती. चोरीच्या आधी गाडीच्या पुढच्या दिव्याजवळचा भाग उचकटलेला आढळला होता, आणि तेव्हा तो साधा उपद्रव वाटला होता. प्रत्यक्षात आजकालचा हेडलाइटही एका ईसीयूच्या ताब्यात असतो, त्यामुळे कॅनच्या तारा त्या दिव्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ गाडीच्या बाहेर, आलेल्या असतात. चोर तिथे एक छोटे उपकरण जोडतो, ते उपकरण ‘खरी किल्ली ओळखली आहे’ असा निरोप तारेवर टाकते, दारे उघडतात आणि इंजिन सुरू होते. यात कोणी कुलूप फोडले नाही की सांकेतिक लिपी उलगडली नाही. घरच्यांच्या आवाजात एक वाक्य बोलले गेले आणि सगळ्यांनी ते ऐकले. एवढ्यासाठीच घरातल्या घरातही ओळखपत्र हवे.

प्रश्न : कॅनच्या प्रत्येक फ्रेममध्ये सीआरसी असतो, असे आम्हाला शिकवले आहे. चुकीचा संदेश त्यातच अडकायला नको का? — पदविका अभ्यासक्रमातील एक विद्यार्थी

फ्रेम म्हणजे तारेवरून जाणारा एक पूर्ण संदेश, आणि सीआरसी म्हणजे त्यातल्या बिटांवरून काढून शेवटी जोडलेला तपासणीचा आकडा. सीआरसी बिघाड पकडतो, लबाडी पकडू शकत नाही. पत्राच्या तळाशी कोणी ‘या पत्रात एकूण ८४ शब्द आहेत’ असे लिहिले, तर पावसात भिजून दोन शब्द पुसले गेल्याचे तुम्हाला लगेच कळेल. पण ज्याला खोटे पत्रच लिहायचे आहे, तोही शब्द मोजूनच तळाशी आकडा टाकेल. कॅनचा १५ बिटांचा सीआरसी नेमका असाच आहे. तो काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे आणि त्यात गुपित काही नाही. किंबहुना खोटी फ्रेम पाठवणाऱ्याला तो स्वतः काढावाही लागत नाही, कारण त्याच्या जवळची कॅन चिपच तो काढून जोडते.

काही गाड्यांत संदेशाच्या मजकुराच्या आतही आणखी एक छोटी तपासबेरीज आणि चढता क्रमांक ठेवलेला असतो. तोही अपघाती बिघाडासाठीच असतो, आणि शेपाचशे संदेश नोंदवून बसलेला चिकाटीचा माणूस त्याची रीत शोधून काढतो. लबाडी अडवायची, तर तपासणीत असे काहीतरी मिसळावे लागते जे खऱ्या पाठवणाऱ्यालाच माहीत आहे. ते म्हणजे गुप्त किल्ली, आणि त्या किल्लीच्या आधारे काढलेली खूण म्हणजे संदेश-प्रमाणीकरणाचा मॅक.

प्रश्न : पण हा मॅक बसवायचा कुठे? साध्या कॅनच्या फ्रेममध्ये जेमतेम ८ बाइट मावतात. — एम्बेडेड प्रणालींवर काम करणारी एक वाचक

तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवले आहे. गाडीच्या बाबतीतली बरीचशी कसरत या ८ बाइटांपायी आहे, म्हणून एक संदेश जवळून पाहू.

ब्रेकचा ईसीयू दर १० मिलिसेकंदांनी चाकांचा वेग कळवतो असे समजा. वेगाच्या माहितीला ४ बाइट लागतात. पाठवण्यापूर्वी हा ईसीयू तीन गोष्टी एकापुढे एक मांडतो. पहिली गोष्ट हा संदेश कोणता, ते सांगणारा क्रमांक. दुसरी वेगाचे ४ बाइट. आणि तिसरी एक मोठा मोजणी-आकडा, जो प्रत्येक संदेशागणिक एकने वाढतो. ही सगळी रास १२८ बिटांच्या गुप्त किल्लीसह एईएस-सीमॅक या पद्धतीतून जाते आणि १६ बाइटांची खूण बाहेर पडते. फ्रेमच्या दुप्पट लांबीची खूण फ्रेममध्ये मावणार नाही हे उघड आहे, म्हणून तिचे पहिले ३ बाइट ठेवून बाकीचे सोडून देतात. मोजणीचा आकडाही पूर्ण पाठवत नाहीत, त्याचा शेवटचा एक बाइट तेवढा जातो. चार, एक आणि तीन, अशी आठांची बेरीज पुरी होते.

पलीकडे स्टिअरिंगच्या ईसीयूजवळ तीच किल्ली असते. तो आलेल्या वेगापासून तीच रास मांडतो, तीच खूण स्वतः काढतो, आणि आलेले ३ बाइट आपल्या ३ बाइटांशी जुळवतो. जुळले तर वेग वापरतो, नाही तर संदेश टाकून देतो. वाटेत कोणी वेग ४० चा ४१ केला, तर खुणेतले साधारण निम्मे बिट पालटतात, आणि कोणते पालटतील हे किल्लीवाचून सांगता येत नाही. संदेशाचा क्रमांक त्या राशीत घेण्याचेही कारण आहे. तो नसता तर दाराच्या संदेशावरची खरी खूण उचलून ब्रेकच्या संदेशावर चिकटवता आली असती.

ही रचना माझी नाही. गाडी-उद्योगाने मिळून ठरवलेल्या ऑटोसार प्रमाणकात ‘सेकऑक’ नावाचा भाग आहे, त्यातील पहिल्या नमुन्यात २४ बिटांचा मॅक आणि ८ बिटांची मोजणी अशीच मांडणी दिलेली आहे. चिपमध्ये एईएसचे, म्हणजे या पद्धतीमागच्या कूटलेखनाच्या गणिताचे, वेगळे यंत्र असले, तर एवढे गणित काही मायक्रोसेकंदांत उरकते. नव्या कॅन-एफडीमध्ये एका फ्रेममध्ये ६४ बाइटांपर्यंत जागा असल्याने तिथे मॅक लांब ठेवता येतो आणि ही काटकसर बरीच सैल होते.

प्रश्न : १६ बाइटांतले १३ फेकून दिल्यावर राहिले काय? तीन बाइटांचा अंदाज तर कोणीही करत बसेल. — वरील उत्तराचा कच्चा मजकूर वाचून संपादक विभागातील एका सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न

अंदाज करता येतो, म्हणून हिशेबच मांडलेला बरा. २४ बिटांच्या १,६७,७७,२१६ वेगवेगळ्या खुणा होतात. हल्लेखोराने दर १० मिलिसेकंदांना एक खोटा संदेश टाकला, तर एक अंदाज बरोबर यायला सरासरीने जवळजवळ दोन दिवस लागतील. त्याने सगळी तारच बळकावली, तर ५०० किलोबिट वेगाच्या कॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेचार हजारांच्या आसपास फ्रेम जातात आणि तेच काम तासाभरावर येते. हा तास ऐकून दचकायला होते. पण तासाभराच्या शेवटी हाती येतो तो एकच स्वीकारला गेलेला संदेश. त्याच्या पुढच्या संदेशासाठी मोजणी बदललेली असते आणि सगळा अंदाज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. स्टिअरिंगला काही करायला लावायचे, तर ओळीने अनेक संदेश पटावे लागतात.

याचा अर्थ एवढाच, की छोटा मॅक चालतो, पण फसलेल्या पडताळण्या मोजणारा कोणीतरी हवा. तारेवरचा साधा बिघाड सीआरसीमध्येच अडकतो, त्यामुळे सीआरसी जुळला आणि मॅक जुळला नाही, असे सेकंदात अनेकदा घडू लागले तर तो योगायोग नसतो. अशा वेळी काय करावे, हे ठरवणे मात्र कठीण आहे. ईसीयूने कानच बंद करून घेतले, तर खोटे संदेश टाकून त्याला बहिरा करण्याचे साधनच हल्लेखोराला मिळाले. नोंद ठेवणे, चालकाला सूचना देणे, आणि ज्या कामात चुकीची माहिती घातक ठरेल तेवढेच काम सुरक्षित पातळीवर आणून ठेवणे, हा मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो.

प्रश्न : खरा संदेश नोंदवून ठेवला आणि नंतर जसाच्या तसा पुन्हा पाठवला तर? मॅक तर खराच असेल. — एक वाचक

या पत्राचे मला विशेष कौतुक वाटले, कारण या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा सर्वाधिक वेळ याच प्रश्नाच्या उत्तरात जातो. मॅकचे गणित तयार मिळते. संदेश ताजा आहे हे सिद्ध करणे मात्र प्रत्येक गाडीत नव्याने बसवावे लागते.

वर सांगितलेला मोजणी-आकडा त्यासाठीच आहे. ऐकणारा ईसीयू शेवटच्या स्वीकारलेल्या संदेशाची मोजणी लक्षात ठेवतो आणि तिच्याहून मोठी मोजणी असलेला संदेशच घेतो. कालचा ‘दार उघडा’ आज पुन्हा वाजवला, तर त्याची मोजणी मागे पडलेली असते. आता अडचण पाहा. पूर्ण आकडा, समजा ६४ बिटांचा, दोन्हीकडे चालू असतो, पण तारेवरून त्याचे शेवटचे ८ बिटच येतात. वरचे बिट ऐकणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरायचे. आलेले ८ बिट आपल्या शेवटच्या आकड्याच्या ८ बिटांपेक्षा मोठे असले, तर वरचा भाग तोच ठेवायचा, आणि लहान किंवा तेवढेच असले तर फेरा पुरा झाला असे समजून वरचा भाग एकने वाढवायचा. मॅक पूर्ण आकड्यावर काढलेला असल्याने भरणी चुकली तर खूण जुळत नाही. रचना सुरेख आहे, पण ८ बिटांचा फेरा २५६ संदेशांत पुरा होतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना येणाऱ्या संदेशाच्या बाबतीत २.५६ सेकंदांत. एखादा ईसीयू तीन सेकंद झोपला, किंवा विजेचा दाब पडून पुन्हा सुरू झाला, की तो आणि पाठवणारा यांची गणती सुटते, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक खरा संदेश त्याला खोटा वाटू लागतो.

मग आकडा कायमच्या स्मृतीत लिहून ठेवावा, असे सुचेल. पण या चिपांमधील डेटा-फ्लॅशची लेखनाची हमी बहुधा लाखभर वेळांची असते. सेकंदाला १०० संदेश या वेगाने एकच जागा लिहीत राहिलो, तर लाखाचा आकडा १००० सेकंदांत, म्हणजे १७ मिनिटांच्या आत गाठला जाईल. म्हणून मोजणीचे तुकडे पाडतात. एक तुकडा गाडी कितव्यांदा सुरू झाली ते मोजतो आणि दर वेळी इग्निशन चालू केल्यावर एकदाच वाढून कायमच्या स्मृतीत लिहिला जातो. दुसरा तुकडा ठराविक अंतराने वाढतो, आणि तिसरा प्रत्येक संदेशागणिक वाढून चालू स्मृतीतच राहतो. पहिले दोन आकडे सांभाळण्याचे काम एका ईसीयूला दिलेले असते. तो ते ठराविक वेळाने सर्वांना कळवतो, आणि जो मागे पडला आहे तो त्या घोषणेवरून पुन्हा रांगेत येतो. ही घोषणा खोटी निघाली तर सगळेच फसेल, म्हणून तिलाही मॅक लावतात, आणि आधी ऐकलेल्या आकड्याच्या मागे नेणारी घोषणा कोणी मानत नाही.

यातही एक फट उरते. हल्लेखोराने खरा संदेश वाटेतच अडवून धरला आणि अर्ध्या मिनिटाने सोडला, तर मधल्या काळात दुसरा कोणताही संदेश न पोहोचल्यामुळे मोजणी पुढेच असते आणि तो शिळा संदेश ताजा ठरतो. इथे मोजणीपेक्षा वेळेचा पहारा उपयोगी पडतो. दर १० मिलिसेकंदांना येणारा संदेश ठराविक मुदतीत आला नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे ईसीयूने मानले पाहिजे.

प्रश्न : इंटरनेटवर असते तशी डिजिटल सही आणि सगळ्या संदेशांचे कूटलेखन का करत नाहीत? — एक संगणक अभियंता

सहीची लांबी पाहा. २०४८ बिटांच्या आरएसए या सहीच्या जुन्या पद्धतीची सही २५६ बाइटांची होते. लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेली नेहमीची २५६ बिटांची पद्धत घेतली तरी सही ६४ बाइटांची, म्हणजे कॅन-एफडीची सगळी फ्रेम सहीतच संपली. शिवाय दर १० मिलिसेकंदांना डझनभर सह्या पडताळणे लहान ईसीयूला झेपणारे नाही. सह्या गाडीत वापरतात त्या ईसीयूचे नवे सॉफ्टवेअर स्वीकारताना, कारण तिथे घाई नसते.

कूटलेखनाचे उत्तर आणखी थोडके आहे. चाकाचा वेग हे गुपित नाही, तो डॅशबोर्डवर दिसतो. तो कोणाला कळू नये याची चिंता नाही, तो कोणी बदलू नये याची आहे. दोन्ही एकत्र हवे असेल, तर गाडीतील इथरनेटवर मॅकसेक आणि कॅन-एक्सएल या कॅनच्या आणखी नव्या पिढीसाठी कॅनसेक, या सुरक्षा-पद्धतींतून त्याची सोय होते.

प्रश्न : मी वीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात एका गाडीचा जळालेला ईसीयू बदलला. सुटा भाग अस्सल होता, वायरिंग तपासले, तरी गाडी त्याचे काही ऐकेना. कंपनीच्या सेवा केंद्राने ‘आमच्याकडेच आणा’ एवढेच सांगितले. ही सुरक्षा ग्राहकासाठी आहे की आमचे काम बंद पाडण्यासाठी? — एक गॅरेजचालक

तुमच्या पत्रातला संताप रास्त आहे. काय घडले असावे ते आधी सांगतो. नव्या ईसीयूत त्या गाडीची गुप्त किल्ली नव्हती. त्यामुळे तो पाठवत असलेल्या प्रत्येक संदेशावरची खूण बाकीच्यांच्या हिशेबाने चुकीची होती आणि त्यांनी ते संदेश टाकून दिले. वायरिंग कितीही तपासले तरी हा दोष सापडत नाही, कारण तारेवर सगळे व्यवस्थित दिसते. निदान यंत्रावर पडताळणी फसल्याची किंवा किल्ली न भरल्याची नोंद दिसते का, हे पुढच्या वेळी सर्वांत आधी पाहा.

किल्ली ईसीयूच्या साध्या स्मृतीत ठेवत नाहीत. चिपच्या आत एक वेगळा बंदिस्त कोपरा असतो. २००९ मध्ये जर्मन गाडी उत्पादकांच्या गटाने त्याची ‘शी’ नावाची एक साधी रचना ठरवली होती आणि पुढे तिच्याहून समर्थ सुरक्षा-विभाग चिपांत आले. या कोपऱ्यातून किल्ली बाहेर वाचता येत नाही. मुख्य प्रोसेसर त्या कोपऱ्याला फक्त ‘याची खूण काढ’ किंवा ‘ही खूण तपास’ एवढेच सांगू शकतो. किल्ली भरायची तीही गुंडाळूनच. नवी किल्ली तीन ठरलेल्या संदेशांतून कूटलेखित स्वरूपात आत जाते आणि ती नीट पोहोचल्याची पावती दोन संदेशांतून बाहेर येते. मधला लॅपटॉप ती वाहून नेतो, पण पाहू शकत नाही. म्हणजे तंत्र म्हणून विचाराल, तर हे काम तुमच्या गॅरेजमध्ये, तुमच्या लॅपटॉपवर, तुम्हाला किल्ली न दाखवताही होऊ शकते. त्यासाठी उत्पादकाच्या सर्व्हरने तुमची ओळख पटवून ते तीन संदेश पाठवायला हवेत. तो पाठवतो की नाही, हा व्यवहाराचा आणि धोरणाचा प्रश्न आहे, आणि सुरक्षेचे नाव पुढे करून त्याला नकार देणे मला पटत नाही.

मात्र ‘सगळ्या गाड्यांना एकच किल्ली ठेवा, म्हणजे सुटा भाग कुठेही बसेल’ अशी मागणी कोणी केली, तर तिला कृपया पाठिंबा देऊ नका. भंगारात गेलेल्या एका गाडीचा ईसीयू प्रयोगशाळेत उघडून कोणी ती किल्ली काढली, तर त्या मॉडेलची रस्त्यावरची प्रत्येक गाडी एकाच दिवशी उघडी पडेल. प्रत्येक गाडीची किल्ली वेगळी असण्याने तुमचे काम वाढते हे खरे, पण तुमच्या ग्राहकाची गाडी त्यानेच सुरक्षित राहते.

प्रश्न : मग सगळ्या संदेशांना मॅक लावला की गाडी पूर्ण सुरक्षित झाली, असे म्हणावे का? — एक वाचक

तसे म्हणता येणार नाही. कॅनवर एकाच वेळी दोघे बोलू लागले तर लहान क्रमांकाचा संदेश जिंकतो. त्यामुळे कोणी शून्य क्रमांकाच्या फ्रेम अखंड टाकत राहिला, तर बाकीच्यांना तोंडच उघडता येत नाही, आणि जो संदेश पोहोचलाच नाही त्याच्यावरचा मॅक निरुपयोगी असतो. दुसरा डाव अधिक सूक्ष्म आहे. कॅनमध्ये प्रत्येक ईसीयू आपल्या चुका मोजतो आणि पाठवण्यातल्या चुकांची गणती २५५ च्या पुढे गेली की स्वतःहून तारेवरून बाजूला होतो. एखाद्या ईसीयूच्या फ्रेममध्ये मुद्दाम चुका घडवून आणल्या, तर निर्दोष ईसीयूच स्वतःला दोषी समजून गप्प बसतो. हे २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले आहे.

तिसरी मर्यादा किल्लीच्या वाटपात आहे. एका संदेशाची किल्ली पाठवणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्या चौघांकडे असेल, तर त्या चौघांपैकी कोणाचाही ताबा गेला तरी तो पाठवणाऱ्याच्या नावाने खोटी खूण काढू शकतो. यावर उपाय म्हणून काही चिपांत किल्लीवर ‘फक्त पडताळणीसाठी’ असा शिक्का मारता येतो. तिथे ऐकणारा खूण तपासू शकतो, पण काढू शकत नाही. ज्यांच्या हाती रचना आहे त्यांनी ही सोय आवर्जून वापरावी. करमणूक यंत्रणेला ब्रेकच्या संदेशाची किल्लीच देऊ नये, हे तर त्याहून आधीचे पाऊल. शिवाय खऱ्या ईसीयूनेच चुकीच्या संवेदकावर विसंबून चुकीचा वेग पाठवला, तर तो संदेश अस्सल असेल आणि तरीही चुकीचा असेल.

म्हणून गेटवेने, म्हणजे जाळ्याच्या भागांमध्ये बसून कोणता संदेश पलीकडे जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या ईसीयूने, गाडीतील जाळ्याचे भाग वेगळे ठेवणे, तारेवरील वाहतुकीवर लक्ष ठेवणे आणि सॉफ्टवेअरवर सही असणे, ही कामे मॅकच्या शेजारी उभी राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा १५५ क्रमांकाचा नियम युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलना आणि जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. त्यात संदेशांची सत्यता आणि अखंडता गाडीने तपासावी असे म्हटले आहे, पण ती कोणत्या पद्धतीने, हे उत्पादकावर सोडले आहे.

प्रश्न : माझी गाडी जुनी आहे. मी काय करू? — एक गाडीमालक

मॅक तुम्हाला नंतर बसवता येणार नाही, कारण तो प्रत्येक ईसीयूच्या सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो. निदान सॉकेटमध्ये कायमचे खोचून ठेवलेले स्वस्त ब्लूटूथ किंवा सिमकार्डवाले उपकरण असेल, तर ते काढून ठेवा. कॅनपर्यंत जाणारे ते एक दार बंद करणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

प्रश्न : हे सगळे स्वतः करून पाहायचे आहे, तर सुरुवात कशी करावी? — अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी

खऱ्या गाडीवर मुळीच करू नका, टेबलावर करा. कॅन नियंत्रक असलेले तीन छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड, प्रत्येकाला एक ट्रान्सीव्हर, पिळलेली तारेची जोडी आणि तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक, एवढे पुरे. एक बोर्ड बोलणारा, एक ऐकणारा आणि तिसरा चोर.

आधी मॅकशिवाय चालवा आणि चोराला ‘दिवा लाव’ हा संदेश नोंदवून पुन्हा पाठवू द्या. दिवा लागेल. मग एईएस-सीमॅक जोडा. आरएफसी ४४९३ या दस्तऐवजात किल्ली, मजकूर आणि अपेक्षित खूण यांचे नमुने दिलेले आहेत. तुमच्या प्रोग्रामची खूण त्यांच्याशी तंतोतंत जुळेपर्यंत तारेला हात लावू नका. आता चोराने स्वतः रचलेला संदेश नाकारला जाईल, पण नोंदवलेला मात्र अजूनही चालेल, आणि ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे फार मोलाचे आहे. त्यानंतर मोजणी घाला, म्हणजे नोंदवलेलाही थांबेल.

इतके जमले की ऐकणाऱ्या बोर्डाची वीज तीन सेकंद काढून पुन्हा द्या आणि खरे संदेशही तो नाकारतो का, ते पाहा. नाकारत असेल तर त्याला पुन्हा रांगेत आणणारी घोषणा कोण पाठवील, तो आकडा कुठे लिहून ठेवील, आणि चोराने तीच घोषणा नोंदवून ठेवली तर काय होईल, हे कागदावर मांडा. तुमची मांडणी आमच्याकडे पाठवलीत, तर मी ती काळजीपूर्वक वाचेन आणि तिच्यात कुठे फट दिसली तर तसे कळवीन.